चार पैशांचा फरक

आक्कांच्या हातात पावत्यांची गड्डी होती. दहा सकाळच्या, दहा संध्याकाळच्या, वरून रबर लावलेलं. घरी नातवाकडून त्यांनी बेरीज करून घेतली होती आणि ती दूधबिलावरच्या रकमेशी जुळत नव्हती. फरक चार पैशांचा. बिल चार पैशांनी जास्तच होतं, म्हणजे त्यांचं नुकसान काहीच नव्हतं. तरी त्या दोन गल्ल्या चालून दूध संस्थेत आल्या होत्या. मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तसं त्यांनी मला विचारलं, "चार पैसं ऱ्हाऊ देत बाळा. पावतीवरचं खरं का बिलातलं खरं, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. संस्थेच्या पावत्या आणि बिलं काढणारा प्रोग्राम मीच लिहिला होता, आणि त्यात दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. एवढ्याशा प्रोग्रामला 'रचना' म्हणून काही लागते असं मला तोवर वाटलं नव्हतं. पुढचे चार महिने शनिवार-रविवारी मी तेवढंच काम केलं, त्याची ही हकिकत.

मामा राधानगरी तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. मी पुण्यात नोकरी करतो. माझं काम सर्व्हरच्या बाजूचं. खिडक्या, बटणं, रकाने असलेलं काही मी त्याआधी लिहिलेलं नव्हतं. संस्थेतला आधीचा प्रोग्राम बंद पडला आणि मामा म्हणाले, "तू करतोस की हेच दिवसभर, आम्हालाबी एक करून दे." मी सुट्टीत बसून पहिला प्रोग्राम लिहिला.

काम दिसायला सोपं आहे. सकाळी साडेसहापासून रांग लागते. सभासदाचा क्रमांक टाकायचा, दूध गाईचं की म्हशीचं ते निवडायचं. दूध काट्यावर जातं, त्याचे लिटर येतात. नमुन्याची फॅट मिल्कोटेस्टरवर बघायची, दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री वाचायची. फॅट आणि डिग्रीवरून एसएनएफ निघतो, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. आमच्या केंद्रावरचं सूत्र असं: डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटची ०.२१ पट मिळवायची, वर ०.३६. मग दरपत्रकात फॅटची ओळ आणि एसएनएफचा स्तंभ जिथे छेदतात तो दर. दर गुणिले लिटर म्हणजे रक्कम. पावती फाडायची, पुढचा माणूस. एका माणसामागे अर्धा मिनिटही मिळत नाही, आणि बिल दर दहा दिवसांनी काढायचं.

संस्थेतला संगणक जुना. विंडोज ७, दोन जीबी रॅम. विंडोज ७ वर चालणारी पायथन या भाषेची शेवटची आवृत्ती ३.८, म्हणून तीच घेतली. खिडकीसाठी टीकिंटर, कारण ते पायथनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही आणि दोन जीबीत आरामात चालतं. साठवणीला एसक्यूलाइट हा डेटाबेस. ही निवड आजही मला बरोबर वाटते, इतकं सगळं बदललं तरी यातलं काही बदलावं लागलं नाही.

चुकलं ते आतलं. सगळा प्रोग्राम एका फाइलमध्ये होता, सहाशेच्या आसपास ओळी. 'पावती' बटणाच्या फंक्शनमध्ये मी रकान्यांतला मजकूर वाचत होतो, त्याचे आकडे करत होतो, एसएनएफ काढत होतो, दर शोधत होतो, रक्कम रकान्यात लिहीत होतो, डेटाबेसमध्ये ओळ घालत होतो आणि प्रिंटरला पाठवत होतो. वरून खाली वाचत गेलं की सगळं समजायचं. पहिला महिना त्याने उत्तम काम दिलं, आणि ही पद्धत मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. त्याच सुट्टीत एका मित्राच्या रोपवाटिकेसाठी मी लेबल छापायचा प्रोग्राम केला: दोन रकाने, एक बटण. तो आजही एकाच फाइलमध्ये आहे. त्याचे तुकडे केले असते तर वाचणाऱ्याला चार ठिकाणी फिरावं लागलं असतं आणि हातात काही आलं नसतं.

आक्कांचे चार पैसे कुठून आले ते मला त्याच संध्याकाळी सापडलं. समजा दूध ४.७ लिटर आणि दर ३१.३२. गुणाकार येतो १४७.२०४. पावतीवर छापताना मी दोन दशांशस्थळांपर्यंत आकडा कापत होतो, तर तिथे १४७.२० दिसायचं. डेटाबेसमध्ये मात्र १४७.२०४ जसंच्या तसं जायचं. बिलाची बेरीज डेटाबेसवरून. अशा वीस पावत्यांची शेपटं गोळा झाली की चार पैसे होतात.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ओळ कुठे लिहायची हे ठरवताना माझा हात थांबला. रक्कम तीन ठिकाणी काढली जात होती: पावतीच्या बटणात, फॅटच्या रकान्यातून बाहेर पडताना दाखवायला, आणि जुनी पावती पुन्हा छापताना. तिन्ही ठिकाणी तोच गुणाकार, थोडा थोडा वेगळा लिहिलेला. तिसऱ्यातली चूक तर भयंकर होती. जुनी पावती पुन्हा छापली की ती आजच्या दरपत्रकाने हिशेब करायची. मधे दर बदलला असेल तर एकाच दुधाच्या दोन वेगवेगळ्या पावत्या निघाल्या असत्या. तोवर कुणी मागितली नव्हती, म्हणून ते बाहेर आलं नव्हतं.

दुसरी एक तक्रार मामांचीच होती. फॅट टाकून झाल्यावर गाय-म्हैस बदललं तर दर बदलायचा पण रक्कम जुनीच राहायची, कारण त्या निवडीच्या फंक्शनमध्ये मी रक्कम पुन्हा काढायला विसरलो होतो. ते जोडलं. मग डिग्री दुरुस्त केल्यावर तसंच व्हायचं, तेही जोडलं. पाच रकाने, आणि प्रत्येकाने बाकीच्यांची काळजी घ्यायची.

तेव्हा मी वाचायला बसलो. खिडकीच्या प्रोग्रामची रचना म्हटलं की पहिलं नाव येतं एमव्हीसीचं. मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. नॉर्वेचे ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात असताना ही कल्पना मांडली. मी नोकरीत सर्व्हरवर एमव्हीसी म्हणून जे वापरत होतो त्याच्याशी नाव जुळत होतं, म्हणून मला ते ओळखीचं वाटलं. तीन फाइली केल्या. हिशेब मॉडेलमध्ये गेला, खिडकी व्ह्यूमध्ये गेली, आणि कंट्रोलरमध्ये काय घालायचं याच्यावर मी दोन रात्री घालवल्या.

कारण नंतर कळलं. स्मॉलटॉक या भाषेत ही रचना रुजली तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कंट्रोलर असायचा, आणि माउस कुठे आहे, कोणती कळ दाबली हे बघणं त्याचं काम होतं. आजच्या टूलकिटांमध्ये, म्हणजे टीकिंटरसारख्या खिडकी बांधायच्या तयार संचांमध्ये, ते काम विजेट (रकाना, बटण असा पडद्यावरचा तुकडा) स्वतःच करतं. टीकिंटरच्या रकान्यात तुम्ही टाइप केलं तर अक्षर दिसतं, कर्सर पुढे जातो, बॅकस्पेस चालतो. त्यासाठी मी काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे मूळ कंट्रोलरचं काम माझ्याकडे उरलंच नव्हतं, आणि सर्व्हरवरचा कंट्रोलर हे भलतंच प्रकरण, तिथे एक विनंती येते आणि एक उत्तर जातं. नाव एक, काम दोन तऱ्हांचं. इतके लोक या तीन अक्षरांवर का भांडतात ते मला तिथे उमगलं.

पण मॉडेल वेगळं काढलं हे फार बरं झालं, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा मला अपेक्षित नव्हता तिथून आला. पायथन ३ मध्ये फंक्शनांची नावं देवनागरीत देता येतात. नोकरीत मी तसं कधी करणार नाही, पण इथे हिशेबाच्या फाइलमधली नावं मी मुद्दाम मराठीत ठेवली: एसएनएफ_काढा, दर_शोधा, रक्कम_काढा. त्या फाइलमध्ये ना खिडकी, ना बटण, ना डेटाबेस. दीडशे ओळींची ती फाइल छापून मी मामांना दिली. ते बारावी शिकलेत, प्रोग्रामिंगशी संबंध नाही. चष्मा लावून त्यांनी ती चहा होईस्तोवर वाचली आणि एके ठिकाणी नख ठेवलं.

"ह्ये चुकलंय."

फॅट ४.१ आणि डिग्री २९ असेल तर एसएनएफ ८.४७१ येतो. दरपत्रक एका दशांशाचं, म्हणून मी जवळचा आकडा घेऊन ८.५ करत होतो. मामा म्हणाले, "आपल्याकडं फुडचा आकडा सोडून द्यायचा. आठ पॉइंट चारच. पैल्यापास्नं तसंच हाय." महिनाभर प्रोग्राम काही लोकांना एक पायरी वरचा दर देत होता. सहाशे ओळींच्या फाइलमध्ये ही ओळ मामांना कधीच दिसली नसती. ती बटणाच्या रंगांच्या आणि प्रिंटरच्या सूचनांच्या मधे पुरलेली होती.

त्या दिवशी माझ्यापुरता एक निकष तयार झाला. ज्याला धंदा कळतो पण कोड कळत नाही, त्याच्यासमोर ठेवता येईल अशी एक फाइल असलीच पाहिजे. बाकीच्या फाइलींना काय नावं द्यायची ती द्या.

आता खिडकी. मॉडेल बदललं की त्याने हाक द्यायची आणि व्ह्यूने ती ऐकून स्वतःला रंगवायचं, ही ठरलेली पद्धत. मी तशीच जोडणी केली. टीकिंटरमध्ये स्ट्रिंगव्हार नावाची सोय आहे. तिच्यावर ट्रेस लावला की मजकूर बदलताच आपलं फंक्शन चालतं. फॅट टाइप झालं, मॉडेलला कळवलं, मॉडेलने हाक दिली, व्ह्यूने सगळे रकाने पुन्हा लिहिले.

पहिल्याच चाचणीत ३.८ टाइप करता येईना. '३' टाइप केलं की मॉडेलकडे तीन हा आकडा जायचा, मॉडेल हाक द्यायचं, व्ह्यू रकान्यात '३.०' लिहून टाकायचा, आणि कर्सर भलतीकडे. रकान्यात लिहिलं म्हणून ट्रेस पुन्हा चालायचा, तो मॉडेलला पुन्हा कळवायचा. मी एक झेंडी ठेवली, 'आत्ता मीच लिहितोय, लक्ष देऊ नकोस' अशी. मग दुसऱ्या रकान्यासाठी दुसरी झेंडी. चार झेंड्या झाल्यावर मी थांबलो, कारण रकान्यांनी एकमेकांची काळजी घ्यायची ही जुनीच अडचण नव्या कपड्यांत परत आली होती.

त्या रविवारी मी संगणक बंद करून मामांच्या गोठ्यात बसलो होतो. 'फॅट' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तरं दोन निघाली. एक, नोंदीतलं फॅट. तो आकडा, ३.८. दुसरं, मामांच्या बोटाखाली अर्धवट तयार होत असलेलं फॅट, तो मजकूर. '३', मग '३.', मग '३.८'. मधला '३.' हा आकडाच नव्हे, पण पडद्यावर तो काही क्षण असतो आणि त्याला असण्याचा पूर्ण हक्क आहे. मी या दोघांना एकाच खोलीत कोंबत होतो.

म्हणजे मॉडेल आणि खिडकी यांच्या मधे आणखी एक वस्तू हवी होती: पडद्याची स्थिती. कुठल्या रकान्यात आत्ता काय मजकूर आहे, कुठला लाल दाखवायचा, पावतीचं बटण चालू की बंद. हा विचारही माझा नव्हे, तेही वाचताना कळलं. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये प्रेझेंटेशन मॉडेल या नावाने हेच मांडलं होतं, आणि २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी एमव्हीव्हीएम (मॉडेल, व्ह्यू, व्ह्यूमॉडेल) म्हणून जे सांगितलं ते त्याच कुळातलं. फरक इतकाच की मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटमध्ये पडद्यावरची चौकट आणि ही मधली वस्तू यांना जोडणारं बाइंडिंग तयार मिळतं.

टीकिंटरमध्ये ते मिळत नाही. तर मी ते लिहायला घेतलं. दोन आठवड्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. तीनशे ओळींचं बाइंडिंग तयार झालं; ते कुठल्याही प्रोग्रामला चालेल असं होतं आणि माझ्या प्रोग्रामला त्यातलं दहा टक्केही लागत नव्हतं. शेवटी एक चूक शोधताना मी माझ्याच बाइंडिंगमध्ये तासभर हरवलो, आणि त्या रात्री ते सगळं पुसलं. टूलकिट जे देत नाही ते उसनं आणायला गेलं की छोट्या प्रोग्रामच्या पोटात एक मोठा प्रोग्राम वाढतो. ज्यांच्या टूलकिटमध्ये बाइंडिंग आहे त्यांनी एमव्हीव्हीएम जरूर घ्यावं. माझ्यासाठी ती वाट नव्हती.

एमव्हीपीचा, म्हणजे मॉडेल, व्ह्यू, प्रेझेंटर असा पर्याय शिल्लक होता. १९९६ मध्ये टॅलिजंट या कंपनीच्या माइक पोटेल यांनी तो मांडला, आणि त्याचा जो प्रकार मला भावला त्यात खिडकी पूर्ण मुकी असते: तिला फक्त 'हे दाखव' एवढं कळतं, निर्णय सगळे प्रेझेंटर घेतो. टीकिंटरला हे छान बसतं. मी त्याचा एक कच्चा खर्डा केला. चाललं. पण प्रेझेंटरमध्ये 'एसएनएफ दाखव', 'दर दाखव', 'रक्कम दाखव', 'बटण बंद कर' अशा वीसेक सूचना झाल्या आणि कुठल्या बदलानंतर त्यातल्या कुठल्या द्यायच्या हे पुन्हा माझ्याच लक्षात ठेवायचं होतं. गाय-म्हैस बदललं आणि रक्कम बदलली नाही, ही चूक त्यातही होऊ शकली असती.

माझा निर्णय शेवटी काट्याने केला.

तोवर लिटर हाताने टाकायचे. संस्थेने सिरियल पोर्टाचा नवा काटा घेतला आणि त्याचा आकडा थेट प्रोग्राममध्ये यावा असं ठरलं. काटा सेकंदाला अनेकदा वजन पाठवत राहतो. ते वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा ठेवला, आणि त्या थ्रेडमधून लिटरच्या रकान्यात सरळ लिहायला गेलो तर खिडकी मधेच गोठायची. टीकिंटरचा नियम साधा आहे: खिडकीला हात लावायचा तो मुख्य थ्रेडनेच. म्हणून काट्याच्या थ्रेडने एका क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, चिठ्ठी टाकायची, आणि मुख्य थ्रेडने आफ्टर या सोयीने दर शंभर मिलिसेकंदांनी क्यू उघडून बघायची. वजन लागोपाठ काही वेळा तेच आलं तरच ते स्थिर मानायचं, कारण कॅन ठेवताना काटा हलतो.

ती चिठ्ठी लिहिताना मला सगळं एकदम दिसलं. काटा म्हणतो, 'लिटर ४.७'. कीबोर्ड म्हणतो, 'फॅटच्या रकान्यात आता ३.८ आहे'. निवडीचं बटण म्हणतं, 'म्हैस'. घड्याळ म्हणतं, 'संध्याकाळची पाळी सुरू झाली'. या सगळ्या चिठ्ठ्याच आहेत. त्या एकाच दारातून आत याव्यात, एका फंक्शनने जुनी स्थिती आणि चिठ्ठी घेऊन नवी स्थिती द्यावी, आणि दुसऱ्या फंक्शनने नव्या स्थितीवरून सगळी खिडकी रंगवावी. काय बदललं ते बघायचं नाही, सगळंच पुन्हा लिहायचं. इव्हान चॅप्लिकी यांच्या एल्म या भाषेतले प्रोग्राम असेच बांधतात, आणि वेबवर काम करणाऱ्या पुष्कळांना हे नवं वाटणार नाही. मला नवीन होतं ते एवढंच की यासाठी एल्म लागत नाही, वेबही लागत नाही. दोन फंक्शनं आणि थोडी शिस्त पुरते.

माझी मुख्य भीती वेगाची होती. सगळा पडदा दरवेळी रंगवायचा? पण माझ्या पडद्यावर चौदा विजेट आहेत. त्या जुन्या संगणकावरही चौदा रकाने लिहायला लागणारा वेळ डोळ्याला दिसत नाही. हजार ओळींचा तक्ता असता, किंवा बोटाने रेघा काढायचा कॅनव्हास असता, तर हीच रचना मी घेतली नसती. तिथे बदललेला तुकडाच रंगवावा लागतो. सभासदांची यादी याच प्रोग्राममध्ये आहे, ती मी या नियमातून बाहेर ठेवली, ती सभासद वाढला तरच पुन्हा भरते. आणखी एक अपवाद: ज्या रकान्यात कर्सर आहे त्याला रंगवणाऱ्या फंक्शनने हात लावायचा नाही. '३.' ला त्याचे काही क्षण मिळाले. चारही झेंड्या गेल्या.

स्थितीत फक्त माणसाने किंवा काट्याने दिलेल्या गोष्टी ठेवल्या. एसएनएफ, दर, रक्कम हे स्थितीत नाहीत. रंगवताना हिशेबाच्या फाइलकडून दरवेळी ताजे काढून घ्यायचे. त्यामुळे गाय-म्हैस बदलल्यावर रक्कम जुनी राहणं आता शक्यच नाही, कारण जुनी रक्कम कुठे ठेवलेलीच नाही.

इथे मी आणखी एकदा चुकणार होतो. 'काढता येतं ते साठवू नये' हा नियम मला इतका आवडला की डेटाबेसमध्येही रक्कम ठेवायची नाही, लिटर, फॅट, डिग्री ठेवायचे आणि बिलाच्या वेळी रक्कम काढायची, असं मी ठरवलं. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आन् दर बदलला मग?" मी म्हटलं, "दरपत्रकाला तारीख आणि पाळी लावू." ते गप्प बसले, मग म्हणाले, "पावती फाडली म्हंजी संपलं. ती माणसाच्या हातात गेली. त्यावर पुन्ना हिशोब न्हाय."

त्यात आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पावती निघेपर्यंत रक्कम ही काढलेली गोष्ट असते, आणि पावती निघाली की ती घडलेली गोष्ट होते. पहिलीला साठवायचं नाही, दुसरीला पुन्हा काढायचं नाही. म्हणून आता रक्कम हिशेबाच्या फाइलमध्येच पैशांत पूर्णांक होते, १४७२०, आणि तोच पूर्णांक पावतीवर छापला जातो, तोच डेटाबेसमध्ये जातो, बिल त्यांचीच बेरीज करतं. छापणारं फंक्शन रुपये आणि पैसे यांच्या मधे टिंब देतं, बाकी काही करत नाही. जुनी पावती पुन्हा मागितली तर साठवलेली तशीच निघते. नोंद चुकली असेल तर जुनी ओळ खोडत नाही. तिची रक्कम वजा करणारी एक ओळ आणि दुरुस्तीची एक ओळ पडते, वहीत मामा लाल शाईने करायचे तसं.

प्रोग्राम एकदम पाडून नवा बांधला नाही. रोज दोनदा रांग लागते, मोडून ठेवायची सोय नव्हती. आधी हिशेब वेगळा काढला. आक्कांच्या त्या वीस पावत्या मी मागून घेतल्या आणि त्यांच्यावरून वीस चाचण्या लिहिल्या. लिटर, फॅट, डिग्री आत, पैसे बाहेर. ज्या पावत्यांत एसएनएफ वर ढकलला गेला होता त्या ठिकाणी बरोबर काय यायला हवं ते मामांनी हाताने लिहून दिलं. मग पडद्याची स्थिती, मग रंगवणं, सगळ्यात शेवटी काटा. प्रत्येक टप्पा शनिवारी दुपारी बसवायचा, संध्याकाळच्या पाळीला मी शेजारी उभा. आज चार फाइली आहेत: हिशेब, पडदा, खिडकी, साठवण. खिडकी न उघडता पहिल्या दोन पूर्ण तपासता येतात, आणि पुण्यात बसून मी बहुतेक कामं तशीच करतो.

गेल्या महिन्यात मामांनी आणखी एक मागणी केली. रांगेतल्या माणसाला स्वतःचं लिटर, फॅट, दर तिथल्या तिथे दिसावं म्हणून बाहेरच्या बाजूला दुसरा पडदा हवा. पहिल्या प्रोग्रामात याला किती दिवस लागले असते मला सांगता येणार नाही. आता तीच स्थिती घेऊन रंगवणारं दुसरं एक फंक्शन लिहिलं, पाच आकडे दाखवणारं. शुक्रवारी रात्री सुरू केलं, शनिवारी सकाळच्या पाळीला पडदा लागला.

आक्का रांगेत सातव्या-आठव्या होत्या. कॅन खाली ठेवून त्या पडद्याकडे बघत राहिल्या, पुढच्या माणसाचे आकडे बदलताना. त्यांची पाळी आली, पावती निघाली, त्यांनी ती पडद्याशी लावून पाहिली आणि पदराच्या गाठीत बांधली. मग जाता जाता म्हणाल्या, "जुळलं बग. पर आकडं बारीक हाईत रं, मागनं दिसत न्हाईत." मी संध्याकाळच्या आत अक्षर दुप्पट केलं.